बिनवाद्याच्या गाण्याला नेलेली पेटी

परदेशी निघालेल्या माणसाचा सत्कार करायचा, अशी नाशकात तेव्हा रीत होती. त्यानं तिकडे जाऊन काही केलेलं असावं अशी अट नव्हती. जाणं पुरेसं होतं. मी एका महाविद्यालयात भूगोल शिकवत असे. ऐंशीनंतरच्या एका वर्षी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पाच महिने शिकवायला जायची संधी माझ्या वाट्याला आली. माझ्या वरच्या दोघांनी थंडीचं कारण सांगून आधी नकार दिला होता, हे सत्काराच्या भाषणांत कुणी सांगितलं नाही. एका वक्त्यानं मी सातासमुद्रापार झेंडा रोवणार असल्याचं जाहीर केलं. भूगोलाचा माणूस असल्यामुळे मी बसल्या बसल्या वाटेतले समुद्र मोजले. ओढूनताणून चार झाले.

शाल आणि नारळ घेऊन घरी आलो तर ओट्यावर अण्णा बसलेले. शेजारी सुटकेससारखी दिसणारी त्यांची फोल्डिंगची पेटी.

अण्णा आमच्यापासून दोन घरं सोडून राहत. सरकारी कचेरीत टंकलेखक होते. दिवसभर एका प्रकारच्या पट्ट्या आणि संध्याकाळी दुसऱ्या प्रकारच्या, असं त्यांचं आयुष्य होतं. दत्ताच्या देवळात दर गुरुवारी भजन असे; तिथे वीस वर्षं पेटीवर तेच. त्यांची मुलगी सहा वर्षांची असल्यापासून गात होती आणि तिचं प्रत्येक गाणं अण्णांच्या पेटीवरच झालं होतं. शाळेची स्पर्धा असो, गणपती असो, कुणाचं डोहाळजेवण असो, ती पुढे आणि अण्णा डाव्या बाजूला. ती गाताना श्वास घ्यायला थांबली की तेवढ्या फटीत अण्णा पुढची ओळ पेटीवर वाजवून टाकत. तिला ओळ आठवत नसे म्हणून नव्हे; फट दिसली की त्यांना राहवत नसे. आदल्या वर्षी ती शिष्यवृत्तीवर अमेरिकेला शिकायला गेली, आणि मी जाणार होतो त्या गावापासून दोन तासांवर राहत होती.

अण्णांनी खिशातून तिचं आंतरदेशीयाहून थोडं मोठं, निळं हवाई पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. विद्यापीठात बारा मुलामुलींचा एक गाणारा गट होता. त्यांनी हिची परीक्षा घेतली आणि हिला घेतलं. वसंत ऋतूत मोठा कार्यक्रम होता. आणि मग ते वाक्य: ‘आमच्याकडे वाद्य एकही नाही.’

‘‘एकही नाही,’’ अण्णा म्हणाले. ‘‘एवढा मोठा देश, चंद्रावर माणूस पाठवतो, आणि पोरांना एक पेटी देता येत नाही?’’

मी थोडंफार वाचलेलं होतं. म्हटलं, ‘‘अण्णा, तिकडे तशी पद्धत असते. मुद्दामच वाद्यांशिवाय गातात. चर्चमधून आलेला प्रकार आहे.’’

‘‘चर्चमध्ये असेल. हे कॉलेज आहे.’’

‘‘कॉलेजातही असतो.’’

‘‘अहो सर, मुद्दाम कोण गाईल वाद्याशिवाय? नसलं म्हणजे माणूस तसंच म्हणतो, आम्हाला नकोच होतं.’’

हा युक्तिवाद मला खोडता आला नाही. आजही येत नाही. तेवढ्यात त्यांची पत्नी मागोमाग आली. तिच्या हातात विणलेला स्वेटर होता.

‘‘भावजी, हा स्वेटर न्या. आणि ती पेटी नेऊ नका. तिकडे बर्फ पडतंय आणि हे लाकूड पाठवतायत.’’

‘‘स्वेटर तिकडे मिळतात,’’ अण्णा म्हणाले.

‘‘पेट्या पण मिळत असतील.’’

‘‘मग घेतल्या नसत्या का त्यांनी?’’

‘‘आणि गुरुवारी तुम्ही काय वाजवणार? दार?’’

अण्णा म्हणाले, टाळ वाजवीन. विषय तिथे संपला. त्यांच्याकडे दुसरी पेटी नव्हती, हे मला माहीत होतं. नाही म्हणायला हवं होतं, हेही माहीत होतं. पण ज्या दिवशी चार वक्त्यांनी माझ्या धैर्याची तारीफ केली त्याच दिवशी ते माझ्याकडे नव्हतं. मी पुस्तकं आणि मेतकूट काढून ठेवलं आणि पेटी घेतली.

निघायच्या दिवशी अण्णा द्वारका चौकातल्या बसथांब्यापर्यंत पोचवायला आले. हार त्यांनी माझ्या गळ्यात घातला, सूचना मात्र सगळ्या पेटीबद्दल केल्या. उभी ठेवू नका. हीटरजवळ नको. भाता कोरड्या हवेत आखडतो. पट्ट्यांवर काही ठेवू देऊ नका. मुंबईची गाडी हलली तरी ते खिडकीबरोबर चालत सांगत होते, ‘‘आणि प्रोग्रॅमला तुम्ही स्वतः जा. नीट ऐका. आल्यावर मला सगळं सांगायचं.’’

तिकडच्या विमानतळावर एका अधिकाऱ्यानं पेटी उघडायला लावली. हे काय, म्हणून विचारलं. वाद्य, म्हटलं. वाजवा, म्हणाला. मला वाजवता येत नाही, असं सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते रास्तच होतं. स्वतःला न वाजवता येणारं वाद्य अर्ध्या जगावरून घेऊन येणारा माणूस मलाही संशयास्पद वाटला असता. शेवटी मी भाता मागेपुढे करून सापडेल ती पट्टी दाबली. पेटीनं एक लांब सूर काढला. रांगेतल्या एका लहान मुलीनं टाळ्या वाजवल्या आणि अधिकाऱ्यानं मला जायला सांगितलं.

पुढच्या शनिवारी बसनं मुलीच्या गावी गेलो. ती बसथांब्यावर आली होती, अंगात पुरुषी कोट, डोक्यात लोकरीची टोपी. माझ्या हातातली वस्तू पाहून ती आधी हसली आणि मग एकदम थांबली.

‘‘काका, ही आमची पेटी आहे.’’

‘‘हो.’’

‘‘इथे का आणलीत?’’

‘‘तू लिहिलंस, तुमच्याकडे वाद्य एकही नाही.’’

‘‘अहो, पण वाद्य घ्यायचंच नसतं! तोच तर सगळा प्रकार आहे. तुम्हाला माहीत असेल की.’’

‘‘मला आहे. तुझ्या वडिलांना मी सांगितलंही.’’

‘‘मग?’’

‘‘ते म्हणाले, नसलं म्हणजे माणूस तसंच म्हणतो.’’

ती बाकावर बसली. पेटी तिनं मांडीवर घेतली, उघडली मात्र नाही. ‘‘गुरुवारी काय वाजवतायत मग?’’

‘‘टाळ.’’

‘‘अण्णा? टाळ?’’ तिनं टोपी काढली आणि परत घातली. ‘‘अहो, ते टाळ वाजवणाऱ्यांना पेटीवरून डोळे दाखवायचे, लय धावते म्हणून.’’

जूनमध्ये परतताना मी पेटी घेऊन जावी, असं तिनं सांगितलं. मी हो म्हटलं. मग तिच्या लक्षात आलं, आणि माझ्याही, की परत नेणं पाठवण्याइतकं सोपं नव्हतं. पेटी परत गेली म्हणजे ती लागली नाही. पेटी लागली नाही म्हणजे मुलगी अण्णांशिवाय गायली. एवढं त्यांना पत्रानं कळवावं असं दोघांनाही वाटेना. दरम्यान अण्णांची पत्रं येतच होती. प्रत्येकात पेटीची चौकशी आधी आणि मुलीच्या तब्येतीची नंतर.

एप्रिलमध्ये कार्यक्रम झाला. मी ठरल्याप्रमाणे गेलो. लाकडी छताचं जुनं सभागृह होतं, भिंतींवर देणगीदारांच्या तसबिरी. इकडे आणि तिकडे देणगीदार सारखेच दिसतात. तिकडच्यांना हार नव्हते एवढाच फरक. दारात एका मुलीनं छापील पत्रक दिलं. त्यात चौदा गाणी होती, आणि गाण्यांपेक्षा लांब आभार.

दिवे मंदावले आणि बारा जण धावतच आले. धावत का, ते कळलं नाही. कुणी मागे लागलेलं दिसत नव्हतं. मुलांच्या गळ्यात लाल बो, मुलींच्या कमरेला लाल पट्टे, आमची मुलगी काळ्या साडीवर लाल पट्टा बांधून. अर्धवर्तुळात उभे राहिले. आणि त्यांच्या डावीकडे, एका उंच टेबलावर, पांढऱ्या कापडावर, अण्णांची पेटी.

मी खुर्चीत सावरून बसलो. मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

गटाचा म्होरक्या एक उंच, उत्साही मुलगा होता. त्यानं आधी दोन विनोद केले. लोक हसले. मग तो पेटीकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला की हे हिमालयाच्या पायथ्याच्या मठांतून आलेलं हजारो वर्षांपूर्वीचं पवित्र वाद्य आहे. सभागृहात आदरयुक्त शांतता पसरली. पेटी हे वाद्य मुळात युरोपातून आमच्याकडे आलं, आणि ही विशिष्ट पेटी अण्णांनी सिन्नरच्या एका भजनी बुवांकडून जुनी घेतली होती. माझ्या शेजारच्या बाईंनी मला त्या मठांकडचा समजून भक्तिभावानं मान लववली. मीही लववली. इतक्या लांब येऊन मठ नाकारण्यात अर्थ नव्हता.

मग आमची मुलगी पेटीपाशी गेली. तिनं डाव्या हातानं भाता दोनदा हलवला, एक पट्टी दाबली, सोडली, आणि जागेवर येऊन उभी राहिली. त्या सुरावरून बारा जणांनी गाणं सुरू केलं.

एवढंच. एक सूर. दुसऱ्या गाण्याआधी दुसरा. प्रत्येक वेळी ती, किंवा तिला सोयीचं नसेल तेव्हा तो उंच मुलगा, पेटीपाशी जाऊन एक पट्टी दाबून परत येई. एरवी हे काम खिशात मावणाऱ्या एका गोल शिट्टीनं होतं, असं मला नंतर कळलं. पेटी घ्यावी म्हणून तिनं गटाशी तीन आठवडे वाद घातला होता. गटाच्या नियमाप्रमाणे वाद्य वर्ज्य होतं. गाणं सुरू व्हायच्या आधी वाजलेलं ते गाण्यात धरायचं नाही, असा तोडगा निघाला. कायद्याचे दोन विद्यार्थी गटात होते, ते कामी आले.

गाण्यांबद्दल मला फार सांगता येणार नाही, कारण मला गाण्यातलं फार कळत नाही. आवाज स्वच्छ होते आणि एकमेकांत बसत होते. मात्र एक गोष्ट मला चमत्कारिक वाटली. वाद्यं घ्यायची नाहीत असं व्रत घेतलेली ही मंडळी निम्मा वेळ तोंडानं वाद्यांचीच नक्कल करत होती. एक जाडा मुलगा सतत ‘डुम डुम’ करत होता, दोघी जणी तुतारीसारखा आवाज काढत होत्या. आमच्याकडे उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि रताळ्याचा कीस करतात, त्यातलाच प्रकार. पण उपास सगळ्यांचाच होता आणि लोक खूष होते.

अकरावं गाणं मुलीचं होतं. लहानपणापासून ती म्हणत आलेली एक भजनाची चाल, जी मी आमच्या गल्लीत किमान पन्नास वेळा ऐकली असेन. ती पेटीपाशी गेली, सूर दिला, पुढे आली. मागच्या अकरा जणांनी तो सूर तोंडानं धरला, काहींनी सा, काहींनी पंचम, आणि तानपुऱ्यासारखा तो चालू राहिला. डुम डुम करणारा मुलगाही गप्प उभा राहून ‘आ’ करत होता.

ती गाऊ लागली. पहिली ओळ संपली, तिनं श्वास घेतला. मी नकळत वाट पाहिली. त्या जागी पेटी यायची असते. ती आली नाही. मागचा सूर तसाच राहिला, फट तशीच राहिली, आणि मग तिनं दुसरी ओळ घेतली. हे प्रत्येक ओळीला झालं. सुरुवातीला ती डावीकडे किंचित बघायची. तिसऱ्या ओळीनंतर बघेनाशी झाली. फटी लांबवू लागली. एका ठिकाणी तर इतकी थांबली की शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती विसरली नव्हती. तिला तिथे थांबायचं होतं, आणि घाई करणारं कुणी नव्हतं.

गाणं संपताच ती वळून दोन पावलांत पेटीपाशी गेली आणि तीच पट्टी पुन्हा दाबली. शेवटी आपण निघालो त्याच सुरावर उतरलो की घसरलो, हे तपासायची त्या लोकांची सवय असते. सरावाच्या वेळी करतात, कार्यक्रमात कुणी करत नाही. पण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या होत्या.

नंतर बाहेरच्या दालनात बिस्किटं आणि गुलाबी सरबत होतं. तीन जणांनी मला मठाविषयी विचारलं. मुलगी गर्दीतून आली.

‘‘काका, अण्णांना काय सांगणार?’’

‘‘पेटी स्टेजवर होती. सगळ्यांत उंच जागी होती. प्रत्येक गाण्याला वाजली.’’

‘‘प्रत्येक गाण्याला.’’

‘‘चौदा गाणी, चौदा वेळा. मी मोजलं.’’

‘‘तुम्ही पण लॉ करायला हवं होतं.’’ मग ती बिस्किटाचा तुकडा मोडत म्हणाली, ‘‘तेवढंच सांगा. पण त्यांनी विचारलं तर खोटं नका बोलू. त्यांना पेटीतलं कळतं.’’

जूनमध्ये पेटी घेऊन नाशकात आलो. ती तिनं स्वतः बांधली होती. मी उघडली नव्हती. सत्कार परत येणाऱ्यांचा होत नसे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळाच होतो. अण्णांकडे गेलो. त्यांनी पेटी माझ्या हातातून घेतली आणि आडवी ठेवली. त्यांची पत्नी म्हणाली, ‘‘आली का परत? मी म्हटलं नव्हतं?’’ आणि चहा टाकायला गेली.

मी तयारीनं गेलो होतो. स्टेज सांगितलं, पांढरं कापड सांगितलं, हिमालय सांगितला. त्यावर ते हसले. ‘‘सिन्नरचे बुवा ऐकते तर भगवे कपडे शिवले असते त्यांनी.’’ मग मी म्हटलं, ‘‘प्रत्येक गाण्याला पेटी होती, अण्णा. चौदाच्या चौदा.’’

‘‘छान,’’ ते म्हणाले. पेटी पुढ्यात घेतली, झाकण काढलं, आणि थांबले.

पट्ट्यांवर कागदाच्या बारीक चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या. पाच पट्ट्यांवर, प्रत्येकीवर इंग्रजी आकडे. एकीवर १, ४, ९. दुसरीवर २, ७, १२, १४. अशा. मंचावरच्या अपुऱ्या उजेडात कोणत्या गाण्याला कोणती पट्टी हे चटकन दिसावं म्हणून. अण्णांनी चष्मा वर केला आणि एकेक चिठ्ठी वाचली. टंकलेखकाला आकडे लावायला वेळ लागत नाही.

‘‘चौदा गाणी,’’ ते म्हणाले. ‘‘आणि पट्ट्या पाच.’’

त्यांनी चिठ्ठ्यांवरून एकदा बोट फिरवलं.

‘‘नुसता सूर द्यायचे?’’

‘‘हो.’’

‘‘मग पेटी बंद?’’

‘‘हो.’’

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. अण्णांचं बोट एका चिठ्ठीवर होतं. बाकीच्या चार पांढऱ्या पट्ट्यांवर होत्या, ही एकटी काळीवर. तिच्यावर एकच आकडा.

‘‘काळी चार. तिची पट्टी. अकरावं तिचं होतं?’’

‘‘हो.’’

‘‘तेव्हाही बंद?’’

‘‘तेव्हाही. बाकीचे मागे सूर धरून उभे होते. तोंडानं.’’

त्यांनी भाता हलवला आणि काळी चार दाबली. बराच वेळ धरून ठेवली. मला वाटलं, आता ते विचारतील की ती कशी गायली, आणि मला उत्तर देता येणार नाही, कारण खरं उत्तर असं होतं की इतकी चांगली ती गल्लीत कधी गायली नव्हती. पण त्यांनी ते विचारलं नाही.

‘‘शेवटी सूर जुळला का?’’

‘‘मला कसं कळणार, अण्णा?’’

‘‘पट्टी दाबून बघितली असेल ना तिनं? मी शिकवलंय तिला, लहान होती तेव्हा. पेटी थांबवून गायला लावायचो एक ओळ, आणि मग बघायचो कुठे आली.’’

म्हणजे ती त्या लोकांची सवय नव्हती. माझ्या ज्ञानातली ही चूक मी तिथेच दुरुस्त केली.

‘‘बघितली,’’ मी म्हणालो. ‘‘पण टाळ्या सुरू झाल्या. कुणालाच ऐकू आलं नाही.’’

‘‘तिला आलं असेल. किती वेळ धरली पट्टी?’’

‘‘धरली नाही. बोट ठेवलं आणि उचललं.’’

‘‘लगेच?’’

‘‘लगेच.’’

‘‘जरा आठवून सांगा, सर. हे महत्त्वाचं आहे.’’

मी आठवलं. सहसा मी माझ्या आठवणीवर इतका भरवसा ठेवत नाही. ‘‘लगेच उचललं. आणि हसली.’’

अण्णांनी पट्टीवरचं बोट काढलं. ‘‘मग जुळला. उतरली असती तर धरून ठेवली असती, किती उतरलो ते बघायला.’’ त्यांनी आतल्या दिशेनं आवाज दिला, ‘‘अगं ऐकलंस का? अख्खं भजन पेटीशिवाय म्हणाली. सूर हलला नाही.’’

‘‘ऐकलं,’’ आतून उत्तर आलं. ‘‘पेटी जायच्या आधी मी काय सांगत होते?’’

अण्णांनी टेबलाच्या खणातून एक निळं हवाई पत्र काढलं आणि मी चहा पीत त्या गटाच्या नेहमीच्या गोल शिट्टीबद्दल सांगत होतो तेवढ्या वेळात लिहून संपवलं. त्यांची मराठी पत्रंसुद्धा कचेरीच्या पत्रांसारखी मुद्द्यांची असत. चिकटवायच्या आधी त्यांनी ते मला वाचायला दिलं. पेटी सुखरूप पोचली, असं एका ओळीत होतं. पुढे लिहिलं होतं की थंड हवेत काळी चार चढी पडते, यापुढे पांढरी पाच घेऊन बघ, आणि ती शिट्टी की काय असते तीत पांढरी पाच आहे का ते विचारून घे.

‘‘बरोबर आहे ना?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मला गाण्यातलं कळत नाही,’’ मी म्हणालो.

‘‘मला माहीत आहे. शुद्धलेखन बघा.’’

एक वेलांटी चुकली होती. ती त्यांनी सुधारली आणि पत्र मीच पोस्टात टाकलं.